संथ पाण्याची सवय आणि वाहत्या पाण्याची शिस्त
(समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या या संमेलनात मला चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. अशा प्रसंगी वक्त्याने समाजाचा पूर्वेतिहास सांगावा, शिक्षणाचे महत्त्व प्रतिपादावे आणि एकीचा उपदेश करून खाली बसावे, अशी आपली रीत आहे. ती रीत चांगलीच आहे. तथापि आज मी ती थोडी मोडणार आहे. आपण भोई समाजाची माणसे. पालखी आपल्या खांद्यावरून केव्हाच उतरली, परंतु पाण्याशी असलेले आपले नाते अद्याप सुटलेले नाही. त्या पाण्यासंबंधी, विशेषतः वाहत्या नदीत नाव सुरक्षितपणे कशी हाकावी यासंबंधी, मी आज बोलणार आहे. हा विषय संमेलनाला शोभणारा नाही असे कोणास वाटल्यास त्याने शेवटपर्यंत ऐकून मग आपले मत बनवावे, एवढीच विनंती आहे.

आपल्या समाजाच्या स्थितीत गेल्या दोन पिढ्यांत झालेला एक बदल प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. आमच्या वडिलांच्या काळी आपली बहुतेक कुटुंबे नदीकाठी राहत. नदीवर तर चालविणे, डोहात जाळे टाकणे आणि उन्हाळ्यात वाळवंटात कलिंगडे व काकड्या पिकविणे हा त्यांचा व्यवसाय होता. पुढे गावोगाव पूल झाले आणि तर बंद पडली. मोठमोठी धरणे उभी राहिली आणि आपली तरुण मंडळी नदी सोडून जलाशयांवर गेली. कोयनेच्या शिवसागर जलाशयात तापोळा, बामणोली येथे प्रवाशांच्या लाँची चालतात. भीमेवरील उजनीच्या पाण्यात शेकडो कुटुंबे मासेमारी करतात. ठिकठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांनी तलाव घेतले आहेत. ही प्रगतीच आहे, आणि तिचा मला अभिमान वाटतो. परंतु तिचा एक परिणाम आपल्या लक्षात आलेला नाही. आपल्या मुलांचा हात आता बसला आहे तो उभ्या पाण्यावर, वाहत्या पाण्यावर नव्हे. आणि पुराच्या दिवसांत गावकरी किंवा सरकारी अधिकारी मदतीला हाक मारतात ती याच मुलांना. “तुम्ही भोई, तुम्हांला पाण्याची काय भीती?” असे म्हणतात, आणि आपली पोरेही त्या शब्दाला भुलून पाण्यात नाव घालतात.

अशाच एका हाकेने माझा पुतण्या गेला. सन २००५ च्या पावसाळ्यात कृष्णेला महापूर आला, तेव्हा तो सुट्टीवर गावी आला होता. एका जलाशयावर इंजिनाची नाव चालविण्यात त्याने चार वर्षे काढली होती आणि त्या कामात तो वाकबगार होता. मळ्यातल्या एका वस्तीवर दोन म्हातारी माणसे अडकली होती. त्यांना आणावयास तो निघाला. मी काठावर उभा होतो. मला म्हणाला, “काका, धरणात पुरुषभर लाटा असतात, तिथे मी नाव फिरवतो. हे तर साधे गावातले पाणी.” वस्ती नदीच्या खालच्या अंगाला होती. तो धारेबरोबर वेगाने गेला आणि वस्तीजवळ येताच, जलाशयात थांबतात त्याप्रमाणे, त्याने इंजिन मंद केले. मंद केल्याबरोबर नाव त्याच्या हाताबाहेर गेली, आडवी झाली आणि पाण्यात अर्ध्या बुडालेल्या करंजाच्या झाडाला लागून क्षणात उलटली. ती म्हातारी माणसे पुढे दुसऱ्या नावेने सुखरूप आली. माझा पुतण्या तिसऱ्या दिवशी सापडला.

माझ्या मनाला टोचणी लागली आहे ती निराळीच. आमचे वडील तरीवर आयुष्य काढलेले गृहस्थ होते. धारेच्या तोंडाने कधी काठाला लागू नये, हा त्यांचा पहिला नियम मी लहानपणी शंभर वेळा ऐकलेला होता. त्या दिवशी काठावर उभा असताना तो मला आठवलाही. पण मनात आले, आपण मॅट्रिक झालेला शाळामास्तर, वल्हे सोडून तीस वर्षे झाली. हा पोरगा रोज इंजिन चालवतो, त्याला आपण काय सांगावे? आणि मी गप्प राहिलो. वर्गात मुलांची शुद्धलेखनाची चूक दिसली असता मी कधी गप्प बसलो नाही. तेथे मात्र बसलो. हे आज सर्वांसमक्ष सांगण्याचे कारण एवढेच की, आपल्या समाजातील जी म्हातारी माणसे अजून हयात आहेत, त्यांनी माझ्यासारखे गप्प राहू नये.

आता मूळ विषयाकडे वळतो. संथ पाणी आणि वाहते पाणी यांत भेद कोणता? जलाशयात नाव थांबली म्हणजे थांबली. नदीत नाव थांबली तरी पाणी थांबत नाही, आणि ते नावेला आपल्याबरोबर घेऊन जाते. गणिताचे उदाहरण घेऊ. आपल्या नावेचा स्वतःचा वेग ताशी १० किलोमीटर आहे आणि धारेचा वेग ताशी ६ किलोमीटर आहे, असे समजा. धारेबरोबर जाताना काठाच्या हिशेबाने नावेचा वेग १६ किलोमीटर होईल, आणि धारेच्या उलट येताना तो केवळ ४ राहील. नाव तीच, इंजिन तेच, नावाडीही तोच. परंतु जाताना ज्या अंतरास पाव तास लागला, त्याच अंतरास येताना पूर्ण तास लागेल. तेलाचा हिशेब जाण्यावरून करणारा मनुष्य येताना मध्येच थांबतो. म्हणून आमचे वडील म्हणत, “आधी वर जा, मग खाली ये.” प्रथम धारेच्या उलट जाऊन आपल्या नावेचे बळ अजमावावे. वर जाता येत नसेल, तर खाली जाण्याचा विचारच सोडावा.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. धारेचा वेग दुप्पट झाला म्हणजे तिचा जोर दुप्पट होतो असे आपण समजतो, पण ते चूक आहे. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि वेग तिप्पट झाला की तो नऊपट होतो. उन्हाळ्यात ज्या खांबाला नाव टेकवून आपण विडी ओढीत बसतो, तोच खांब पुरात नावेचे दोन तुकडे करतो, याचे कारण हे आहे.

तिसरी गोष्ट सुकाणूची. सुकाणू नावेला वळविते ते त्याच्यावरून पाणी सरकते म्हणून. नाव पाण्याबरोबर नुसती वाहत असेल, तर सुकाणूवरून पाणी सरकतच नाही; मग ते कितीही फिरविले तरी नाव वळत नाही. पिछाडीला बसविलेल्या इंजिनाचेही तसेच आहे. इंजिन मंद केले की त्याची वळविण्याची शक्ती गेली. माझ्या पुतण्याचे नेमके हेच झाले. उभ्या पाण्यात वेग कमी करणे म्हणजे सावधगिरी. वाहत्या पाण्यात धारेच्या तोंडाने जाताना वेग कमी करणे म्हणजे लगाम सोडून देणे होय.

मग काठाला लागावे कसे? नियम एकच आहे, आणि तो तरुणांनी पाठ करावा. काठाला, घराला, झाडाला किंवा दुसऱ्या नावेला लागताना आपल्या नावेचे तोंड नेहमी धारेकडे, म्हणजे वरच्या अंगाला असले पाहिजे. आपले ठिकाण खालच्या अंगाला असेल तर त्याच्या बाजूने थोडे अंतर राखून पुढे निघून जावे, रुंद आणि मोकळे पाणी पाहून नाव वळवावी, आणि मग धारेच्या उलट सावकाश वर यावे. धार ताशी ६ किलोमीटरची असेल आणि आपण इंजिन तितक्याच वेगाने चालविले, तर नाव काठाशी बांधल्यासारखी एका जागी उभी राहते. किंचित जोर वाढविला की पुढे सरकते, कमी केला की मागे जाते. आणि या सर्व वेळी सुकाणू हातात जिवंत असते. यास पाच मिनिटे जास्त लागतात. ती पाच मिनिटे वाया गेली असे समजू नये.

नदी ओलांडतानाही असेच गणित आहे. पात्र २०० मीटर रुंद आहे, नावेचा वेग सेकंदाला २ मीटर आहे आणि धारेचा वेग सेकंदाला दीड मीटर आहे, असे धरा. समोरच्या घाटाकडे सरळ तोंड करून निघालात तर १०० सेकंदांत पलीकडे पोहोचाल खरे, परंतु तेवढ्या वेळात धार तुम्हांला १५० मीटर खाली नेईल. खाली बंधारा असेल तर काय होईल, ते सांगावयास नको. याउलट नावेचे तोंड वरच्या अंगाला तिरपे धरले, तर नाव आडवी सरकत समोरच्या घाटालाच लागते. वेळ मात्र १०० ऐवजी सुमारे १५० सेकंद लागतो. जुने नावाडी कागदावर हिशेब न करता हे करीत. दूरच्या काठावरचे एक झाड आणि त्याच्यामागचे देवळाचे शिखर यांची एक रेघ धरून ते नाव हाकीत. झाड आणि शिखर यांची फारकत होऊ लागली की आपण वाहत चाललो, हे त्यांस कळे. ही युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे.

नदीचे पात्र सर्वत्र सारखे नसते. वळणावर बाहेरच्या अंगाला पाणी खोल आणि वेगवान असते. आतल्या अंगाला ते उथळ व मंद असते आणि तेथे वाळू साचते. वर जाताना आतल्या अंगाच्या मंद पाण्याचा आधार घ्यावा, मात्र तळ लागणार नाही इतके अंतर ठेवावे. वळणापलीकडचे दिसत नसेल तर थांबून कानोसा घ्यावा. पाण्याचा आवाज पुष्कळ काही सांगतो.

पुलाचे खांब ही सर्वांत फसवी जागा. धार खांबावर आपटून दोन्ही बाजूंस वळते आणि नावेला खांबाकडे ओढते. कमानीतून जावयाचे तर दूरवरूनच तिच्या मध्यावर नाव सरळ धरावी आणि इंजिनाचा जोर राखून पार व्हावे. ऐन खांबाशी येऊन विचार करू नये. दैववशात् नाव खांबाला किंवा झाडाला आडवी लागलीच, तर माणसे घाबरून खांबापासून दूर, वरच्या धारेकडे सरकतात. तीच घातक चूक होय. तसे केल्याने धारेकडचा काठ खाली जातो, पाणी आत शिरते आणि नाव उलटते. अशा वेळी सर्वांनी खांबाच्या अंगालाच भार द्यावा, म्हणजे धारेकडचा काठ वर राहतो. हे नाव सोडण्यापूर्वी माणसांना सांगितले पाहिजे. संकट आल्यावर सांगण्यास वेळ मिळत नाही.

आपल्या भागात आणखी एक विशेष धोका आहे, तो कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचा. पावसाळ्यापूर्वी त्यांच्या फळ्या काढतात. खांब तसेच राहतात. मोठ्या पुरात सबंध बंधारा पाण्याखाली जातो आणि वरून येणाऱ्या नावाड्याला पाण्याची एक गुळगुळीत रेघ तेवढी दिसते. त्या रेघेपलीकडे पाणी खाली पडून उलटे फिरते. पडलेले लाकूड तेथून बाहेर जात नाही, तेथल्या तेथेच गरगरत राहते. मग माणसाची कथा काय? ज्याला बंधाऱ्याची जागा ठाऊक नाही, त्याने त्या पात्रात नाव घालू नये. ती ठाऊक करून घेण्याचे दिवस चैत्र-वैशाखाचे, पाणी उतरलेले असते तेव्हाचे.

आता नावेच्या सिद्धतेसंबंधी थोडे सांगतो. जलाशयावरच्या पुष्कळ नावांत नांगर नसतो, किंवा असला तर फळीखाली गंजत पडलेला असतो. नदीत नांगर हा इंजिनाचा जामीन आहे. जलपर्णी, चिंधी किंवा दोर पंख्यात अडकून इंजिन बंद पडले, तर बंधारा गाठण्यापूर्वी नाव थांबविण्याचे तेवढेच साधन उरते. तो दोरासह बांधलेला आणि एका हाताने टाकता येईल असा तोंडाकडे ठेवावा. दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट लांब असावा, आणि नांगराजवळ काही हात साखळी असावी, म्हणजे नांगर तळाशी आडवा पडून रुततो. नांगर नेहमी तोंडाकडूनच टाकावा. पिछाडीवरून किंवा बाजूने टाकल्यास धार नावेला खाली दाबून पाण्याने भरते. याशिवाय दोन वल्ही, एक लांब वेळू, पाणी उपसण्यास बादली, दोर कापण्यास धारदार कोयता आणि फेकावयाचा सुटा दोर, इतके सामान नावेत असल्याशिवाय खुंटीची गाठ सोडू नये.

जीवरक्षक जाकिटांविषयी आपल्या लोकांत एक खोटा अभिमान आहे. “भोयाच्या पोराला जाकीट कशाला?” असे म्हणतात. पुराच्या पाण्यात लाकडे, तारा, पत्रे आणि मेलेली जनावरे वाहत असतात. डोक्याला लाकूड लागून शुद्ध हरपल्यावर उत्तम पोहणारा आणि न पोहणारा यांत काय अंतर राहते? जाकीट अंगात असले पाहिजे. बाकाखाली ठेवलेले जाकीट कोणाचाही जीव राखीत नाही. पुरात दोर आपल्या कमरेला गाठ मारून बांधणे हेही तितकेच वाईट. दोर अडकला म्हणजे धार माणसाला पाण्याखाली धरून ठेवते.

नाव किती भरावी? वडिलांचा नियम होता: संथ पाण्याला काठ एक वीत वर, पुराच्या पाण्याला एक हात वर. माणसे तळाशी बसवावी, उभी ठेवू नयेत. भार दोन्ही अंगांस सारखा वाटावा. दिनांक ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून गावकऱ्यांना सुरक्षित स्थळी नेणारी नाव उलटली आणि अनेकांस प्राण गमवावे लागले. त्यांत स्त्रिया व लहान मुले होती. नावेत प्रमाणाबाहेर माणसे होती, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. त्या प्रसंगी कोणास दोष देण्याचा माझा हेतू नाही. मागे राहिलेल्या माणसाला “तू थांब” असे म्हणणे किती कठीण असते, हे ज्याने पूर पाहिला आहे त्यासच ठाऊक. परंतु जो नावाडी हे म्हणू शकत नाही, तो भरल्या नावेतील सर्वांचाच जीव धोक्यात घालतो.

येथे कोणी म्हणेल की, जलाशय तरी सुरक्षित आहे ना? तसेही नाही. दिनांक २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे येणारी नाव अकस्मात उठलेल्या वादळी वाऱ्याने उलटली आणि ६ जण बुडाले. एक जण पोहून काठाला लागला म्हणून वाचला. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ काळवंडले की नाव काठाला घ्यावी, हा जुना नियम जलाशयालाही लागू आहे. थोडक्यात, जलाशयात वाऱ्याला भ्यावे आणि नदीत धारेला भ्यावे. एकाची ओळख म्हणजे दुसऱ्याची ओळख नव्हे.

ही अडचण केवळ आपलीच आहे असेही नाही. इंग्लंडात अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत कोळसा व माल नेण्यासाठी कालव्यांचे मोठे जाळे खणले गेले. त्यांत सुमारे ७ फूट रुंदीच्या आणि ७० फुटांपर्यंत लांबीच्या नावा चालत. मालाची वाहतूक संपली, तरी आज हौसेने हजारो लोक त्या नावांतून हिंडतात व कित्येक त्यांतच राहतात. त्या अरुंद कालव्यांत वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकी आहे. हे कालवे ठिकठिकाणी नद्यांना मिळतात, आणि कालव्यात मुरलेला मनुष्य नदीत उतरला की चुकतो, हा तेथील लोकांचाही अनुभव आहे. म्हणून नदीत शिरण्यापूर्वी नांगर जोडून तयार ठेवा, जाकीट चढवा, तोंड धारेकडे करून काठाला लागा, असाच उपदेश तेथेही करतात. थेम्स नदीवर जलद्वारांपाशी फलक लावतात. प्रवाह वाढत असेल वा ओसरत असेल तर पिवळा फलक. तो वाढता असला तर वल्ह्याच्या नावांनी निघू नये आणि इंजिनाच्या नावांनी सुरक्षित जागा गाठावी. प्रवाह जोराचा असेल तर तांबडा फलक. मग कोणीच निघू नये. आपल्या वडिलांनी थेम्स नदी पाहिली नव्हती आणि तेथील लोकांनी कृष्णा पाहिलेली नाही. तरी दोघांचे नियम जुळतात, याचे कारण पाण्याचा स्वभाव सर्वत्र एकच आहे.

आपल्याकडेही फलकाची सोय अगदीच नाही असे नाही. सांगलीस १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी पाण्याची उंची मोजतात. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. कोल्हापुरास पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट आणि ४३ फूट अशा पातळ्या आहेत. धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, हेही जाहीर होते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. एक लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदास सुमारे २८ लाख लिटर पाणी! ही बातमी आपण ऐकतो आणि सोडून देतो. नावाड्याने ती ऐकून वहीत लिहून ठेवली पाहिजे. कारण वर सोडलेले पाणी काही तासांनी आपल्या घाटाला येणार असते. घाटाला बांधलेल्या नावेचा दोरही त्या हिशेबाने ढिला किंवा आखूड करीत राहावा. पाणी चढले आणि दोर आखूड राहिला, तर बांधलेली नाव जागच्या जागी बुडते.

आणखी दोन सूचना करून हा भाग संपवितो. मोठ्या पुरात विजेच्या तारा नावेतील माणसाच्या डोक्याशी येतात; वीज बंद केल्याची खात्री झाल्याखेरीज त्यांच्याखालून जाऊ नये. आणि नावेबाहेर पडल्यास धारेशी झुंजू नये. उताणे व्हावे, पाय खालच्या अंगाला करावे, उथळ पाण्यातही उभे राहण्याची घाई करू नये, कारण पाय दगडात अडकतो. तिरपे हात मारीत काठ जवळ करावा. आणि ज्यातून पाणी गाळल्यासारखे जाते अशा झाडाझुडपापासून दूर राहावे.

कायद्याचा उल्लेखही केला पाहिजे. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा झाला आहे. इंजिनाच्या नावांची नोंदणी व तपासणी त्यात सांगितली आहे. आपले काही बांधव याकडे नसती कटकट म्हणून पाहतात. मी तसे पाहत नाही. तपासलेली नाव आणि शिकलेला नावाडी यांमुळे आपल्या व्यवसायाची प्रतिष्ठा वाढेल, आणि उद्या पुरात कोणी हाक मारली तर “नावेत इतकीच माणसे बसतील” असे म्हणण्यास आपल्या हाती आधार राहील.

आता शेवटी समाजापुढे तीन प्रस्ताव ठेवतो. पहिला असा की, दर वर्षी वैशाखात प्रत्येक नदीकाठच्या गावी आपल्यांतील वृद्धांनी तरुणांना बरोबर घेऊन पात्र पायी हिंडावे, आणि बंधारे, खांब, विहिरी, झाडे व तारा यांचा नकाशा वहीत काढावा. मी शाळामास्तर आहे; नकाशा काढण्याचे काम माझ्याकडे द्या. दुसरा असा की, घाटाच्या दगडावर हिरवी, पिवळी आणि तांबडी अशा तीन रेघा रंगवाव्या. तांबडी रेघ बुडाली की समाजाच्या कोणाही माणसाने, कोणीही हाक मारली तरी, एकट्याच्या भरवशावर नाव काढू नये. शिक्षण घेतलेले पथक आणि पुरते साहित्य यांच्याबरोबरच जावे. तिसरा असा की, मुलांबरोबर मुलींनाही पोहणे शिकवावे. नावेत बसणाऱ्यांत त्या निम्म्या असतात.

यांपैकी दुसरा प्रस्ताव काहींना भित्रेपणाचा वाटेल. लोक संकटात असता भोयाने नाव काढू नये, हे आपल्या परंपरेला शोभते काय, असे ते विचारतील. त्यांना मी आमच्या वडिलांची एक गोष्ट सांगतो. मी सात-आठ वर्षांचा असताना एका श्रावणात पलीकडच्या गावचे पाटील लग्नाची बोलणी करण्यास निघाले होते. पाणी चढत होते. वडिलांनी तर काढण्यास नकार दिला. पाटील संतापले, सुगीचे धान्य बंद करीन म्हणाले. वडील हात जोडून म्हणाले, “पाटील, धान्य बंद करा, पण नाव आज बंदच राहील. नाव काढणं कुणालाही येतं. न काढणं आम्हांला बापजाद्यांनी शिकवलंय.” त्या वर्षी आमच्या घरी त्या गावचे धान्य खरोखरच आले नाही. पुढल्या वर्षी ते दुप्पट आले.

वडिलांनी पाटलांना जे सांगितले, ते मी माझ्या पुतण्याला सांगू शकलो नाही. ते आज तुम्हा सर्वांना सांगितले आहे. आपल्यांपैकी एका जरी तरुणाने येत्या पावसाळ्यात धारेकडे तोंड करून नाव काठाला लावली, तर माझे बोलणे कामी आले असे मी समजेन.

 तिन्ही प्रस्तावांचा कार्यकारी मंडळाने विचार करावा, अशी पुन्हा एकवार विनंती करून मी आपली रजा घेतो.